पंचवीस अक्षरांची किल्ली

विंडोज ७ च्या काळातला एखादा लॅपटॉप उलटा करून पाहा. पोटाला एक लांबट पट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यावर पाच-पाच अक्षरांचे पाच गट छापलेले असतात. ही पंचवीस अक्षरं म्हणजे त्या यंत्रातल्या ऑपरेटिंग सिस्टीमची किल्ली. ती आखणाऱ्यांनी वाचणाऱ्याचा विचार केला होता, हे मान्य करायला हवं. शून्य आणि ‘ओ’ यांत गफलत होते म्हणून दोन्ही वगळले. एक आणि ‘आय’ वगळले. पाच आणि ‘एस’ वगळले. आणखीही काही अक्षरं वगळल्यावर उरली चोवीस चिन्हं, आणि त्या काळच्या किल्ल्या तेवढ्यातूनच घडत. पण ‘बी’ आणि आठ दोघेही राहिले, ‘जी’ आणि सहा दोघेही राहिले. मांडीवर, गादीवर, शाळेच्या बाकावर चार वर्षं घासला गेलेला लॅपटॉप असेल, तर ती पट्टी पांढुरकी पडते, शाई उडते, आणि मग खिडकीपाशी उजेडात धरून ठरवावं लागतं की हा आठ आहे की ‘बी’. एक चिन्ह चुकलं की पडद्यावर उत्तर येतं: किल्ली वैध नाही. पैसे भरलेले असतात, बिल कपाटात असतं, यंत्रही तेच असतं. तरीही तो माणूस त्या क्षणापुरता चोर ठरतो. आपली बाजू सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर येतं, आणि ते करायला हाताशी कुणी नसतं.

ही अडचण किरकोळ आहे, असं समजणाऱ्यांनी ती ओरत्तनाडुसारख्या गावातून पाहावी. तंजावरच्या दक्षिणेला, पट्टुकोट्टईच्या रस्त्यावर, सुमारे पंचवीस किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव आहे. भातशेती, नारळीच्या बागा, सरकारी शाळा, मुलींचं सरकारी महाविद्यालय, २०१२ साली सुरू झालेलं पशुवैद्यक महाविद्यालय. मराठी वाचकांपैकी काहींना ते मुक्तांबाळपुरम या नावाने ठाऊक असेल, कारण तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबाळ या स्त्रीच्या नावे उभारलेलं छत्र, म्हणजे वाटसरूंसाठीची धर्मशाळा, इथलं. त्या छत्राकडे पुढे येईन. आधी लॅपटॉपचं पाहू. १५ सप्टेंबर २०११ रोजी तमिळनाडू सरकारने सरकारी आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. पहिल्याच वर्षी नऊ लाखांहून अधिक यंत्रं वाटायचं ठरलं होतं. त्या पहिल्या यंत्रांवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम होत्या: सी-डॅकने घडवलेली बॉस लिनक्स आणि विंडोज ७ ची ‘स्टार्टर’ आवृत्ती. स्टार्टर ही विंडोजच्या घरातली सर्वांत तोकडी बहीण. पडद्यावरचं मागचं चित्रसुद्धा तिच्यात बदलता येत नसे. तालुक्याच्या गावांत अनेक घरांत शिरलेला पहिला संगणक हाच होता. साहजिकच पुढे कॉलेजच्या प्रकल्पासाठी किंवा भावाच्या झेरॉक्सच्या दुकानासाठी तो अपग्रेड करावा, असं कुणालाही वाटलं असतं. तशी सोय होतीही: पैसे भरा, नवी किल्ली मिळवा, ती टाका, आणि त्याच यंत्रावर वरची आवृत्ती उघडा.

अपग्रेड ही खरेदीची एक विचित्र जात आहे. पूर्ण वस्तूपेक्षा ती स्वस्त असते, कारण जुनी वस्तू तुमच्याकडे आहे असं विकणारा गृहीत धरतो. २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ बाजारात आली, तेव्हा भारतात जुन्या विंडोजवरून तिच्यावर जायला १,९९९ रुपये पडत होते. त्याच सुमारास विंडोज ७ चा नवा संगणक घेतलेल्यांना तीच गोष्ट ६९९ रुपयांत मिळत होती. स्वस्ताईची अट एकच: यंत्रावर आधीची विंडोज असायला हवी. इथेच लोक अडकले. हार्ड डिस्क बदलावी लागली, व्हायरसमुळे सगळं पुसावं लागलं, किंवा केवळ स्वच्छ सुरुवात करावी म्हणून कुणी कोरी डिस्क घेऊन अपग्रेडची प्रत टाकली, तर सिस्टीम बसायची आणि ॲक्टिव्हेशनच्या, म्हणजे किल्ली तपासून घेण्याच्या, वेळी सी००४एफ०६१ हा क्रमांक दाखवून थांबायची. त्याचा अर्थ असा की ही किल्ली फक्त अपग्रेडसाठी आहे, नव्याने बसवण्यासाठी नाही. म्हणजे जुनी विंडोज आधी टाका, ती ॲक्टिव्हेट करा, मग तिच्यावर नवी चढवा. जुनीची किल्ली कुठे? लॅपटॉपच्या पोटावर, पुसट झालेली. आधीच्या खरेदीचा पुरावा हरवला की नंतरच्या खरेदीचाही उपयोग संपतो, अशी ही साखळी आहे.

२०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा एक वर्षभर ती ७ आणि ८ च्या वापरकर्त्यांना फुकट दिली गेली, स्टार्टरवाल्यांनाही. किल्ल्यांचा जाच आता संपला, असं तेव्हा वाटलं. किल्लीऐवजी ‘डिजिटल’ हक्क आला. यंत्राच्या सुट्या भागांवरून एक ओळख काढायची, ती मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सर्व्हरवर नोंदवायची आणि पुढच्या वेळी ओळख पटली की दार उघडायचं. सोय खरी होती. पण हक्क आता माणसाकडून मदरबोर्डकडे गेला. मदरबोर्ड बदलला की सर्व्हरच्या लेखी ते यंत्र नवं. ऑगस्ट २०१६ च्या अद्ययावत आवृत्तीत हक्क मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडायची सोय आणि अडचण सोडवणारं साधन आलं, तेही ज्यांनी आधीच खातं जोडून ठेवलं होतं त्यांच्याच कामी. नव्या यंत्राबरोबर आलेल्या सिस्टीमच्या करारात तर वॉरंटीतली दुरुस्ती सोडून मदरबोर्ड बदलला की हक्क संपतो, असंच धरलेलं असतं.

तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण भागात मदरबोर्ड जळणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि कधीकधी ती निसर्गच घडवतो. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गाजा चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आलं. ओरत्तनाडु, पट्टुकोट्टई, पेरावुरणी या पट्ट्यातल्या नारळीच्या बागा त्याने आडव्या केल्या, विजेचे खांब उन्मळले, आणि कित्येक गावांना काही आठवडे विजेची वाट पाहावी लागली. वादळाच्या पाण्यात भिजलेलं किंवा वीज परत येताना व्होल्टेजच्या झटक्याने बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करून आणावं, तर ते आपल्या मालकाला ओळखायला नकार देतं. माणसाच्या घराचं छप्पर गेलं असेल, तर सरकार पंचनामा करतं, तलाठ्याच्या तिथल्या बरोबरीचा अधिकारी येऊन पाहून जातो. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरसाठी असा पंचनामा करणारं कुणीही नसतं. योगायोग असा, की याच्या आठच दिवस आधी, ८ नोव्हेंबर २०१८ रोजी, मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हरमध्ये बिघाड झाला होता. जगभरातल्या विंडोज १० प्रोच्या अनेक यंत्रांवर ‘तुमचा परवाना होम आवृत्तीचा आहे’ अशा अर्थाचा संदेश उमटला. त्या दिवशी आपल्याकडे बलिप्रतिपदा होती, पाडवा, नवी वस्तू घरात आणायचा दिवस. बिघाड दुरुस्त झाला. पण आदल्या संध्याकाळपर्यंत ज्यांची मालकी पक्की होती, त्यांची मालकी दूरच्या एका यंत्राच्या चुकीने काही तास नाहीशी होऊ शकते, एवढं त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

या सगळ्यामागे एकच प्रश्न आहे. विकत घेणं कधी पूर्ण होतं? किराणा दुकानात पैसे दिले, पिशवी हातात आली, व्यवहार पुरा. नंतर तांदूळ शिजवताना वाण्याची परवानगी घ्यावी लागत नाही. ॲक्टिव्हेशनने हा क्षण पुढे ढकलला, आणि नुसता ढकलला असं नाही, तो कधीही उलटवता येईल असा करून ठेवला. पैसे एकदाच द्यायचे. परवानगी मात्र डिस्क बदलली की, मदरबोर्ड गेला की, सर्व्हर चुकला की पुन्हा मागायची. माझं म्हणणं असं की पैसे दिल्याक्षणी वापराचा हक्क पूर्ण झाला पाहिजे. त्यानंतरच्या कुठल्याही तांत्रिक संशयाचा फायदा विकत घेणाऱ्याला मिळाला पाहिजे, आणि तो खोटा आहे हे सिद्ध करायचं असेल, तर ते काम विकणाऱ्याचं असलं पाहिजे.

यावर पहिला आक्षेप कायद्याच्या भाषेत येतो: तुम्ही सॉफ्टवेअर विकत घेतलेलंच नाही, फक्त परवाना घेतला, आणि परवान्याला अटी असतातच. कागदावर हे खरं आहे. पण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या कागदाच्या पलीकडे दोनदा पाहिलं आहे. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की बाजारात तयार मिळणारं सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ आहे आणि तिच्यावर विक्रीकर लागतो. २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं, की अशा व्यवहाराला करारात परवाना म्हटलं असलं, तरी त्यातून कॉपीराइट हस्तांतरित होत नाही आणि प्रत्यक्षात ती मालाची विक्रीच असते. दोन्ही निकाल करांच्या संदर्भातले आहेत, आणि ग्राहकाच्या तक्रारीत ते जसेच्या तसे लावता येतील असं मी म्हणत नाही. पण एक साधी सुसंगती मागणं रास्त आहे. कर भरताना जी गोष्ट माल असते, ती वापरताना केवळ मेहरबानी कशी होईल? आणि माल असेल, तर १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १४ तिथे उभं राहतं. त्यात विक्रेत्याने न बोलता दिलेली एक हमी आहे, की विकत घेणाऱ्याला त्या मालाचा ताबा निर्वेध उपभोगता येईल. निर्वेध ताबा हा शब्दप्रयोग जमीनजुमल्याच्या कागदांत आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलो आहोत. ‘ॲक्टिव्हेशन अयशस्वी’ हा संदेश त्या निर्वेधपणाचा सरळ भंग आहे.

त्याच कायद्यात अशा हमी करारानेच काढून टाकण्याचीही मुभा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘मान्य आहे’ या बटणावर टिचकी मारताना आपण बहुधा तेच करत असतो. म्हणून खरा आधार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात शोधावा लागतो. त्याने ‘अन्यायकारक करार’ ही कल्पना पहिल्यांदा आणली. रास्त कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार, ग्राहकाला नुकसानीत टाकणारी अवास्तव अट, अशा गोष्टी त्यात मोडतात. दुरुस्तीसाठी मदरबोर्ड बदलला म्हणून हक्क संपवणं हे रास्त कारण आहे का, हा प्रश्न या व्याख्येखाली विचारण्याजोगा आहे. शिवाय या कायद्याने ग्राहकाला जिथे तो राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे ओरत्तनाडुच्या माणसाला तंजावरला जाता येतं, कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. पोट भरण्यासाठी स्वतः चालवलेलं झेरॉक्सचं दुकान असलं, तरी त्याचा मालक ग्राहकच ठरतो. पण इथे एक खोच आहे आणि ती मला फार लागते: करार अन्यायकारक ठरवायचा असेल, तर जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. १,९९९ रुपयांच्या अपग्रेडसाठी राज्य आयोगाची पायरी कोण चढेल? लहान रकमांच्या प्रमाणित करारांबाबत हा अधिकार जिल्ह्याला द्यायला हवा. हे कलम बदलायला फार मोठी क्रांती लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. चोरी. सॉफ्टवेअर उद्योगाच्या बीएसए या संघटनेच्या पाहणीनुसार २०१७ साली भारतातल्या संगणकांवरचं ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होतं. हे आकडे उद्योगानेच काढलेले आहेत, म्हणून ते काहीसे फुगलेले असतील असं धरलं, तरी चोरी मोठी होती, यात शंका नाही. ज्याने वर्षानुवर्षं खपून काही घडवलं, त्याला मोबदला मिळायला हवा, आणि तो मिळवण्यासाठी त्याने दाराला कुलूप लावलं तर त्याला दोष देता येणार नाही. प्रश्न कुलूप कुणाला अडवतं, हा आहे. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली, आणि घरगुती विंडोजला ॲक्टिव्हेशनचं कुलूप लागलं ते तेव्हाच. पण मोठ्या कंपन्यांसाठीच्या एक्सपीला ॲक्टिव्हेशन लागत नसे. ‘एफसीकेजीडब्ल्यू’ने सुरू होणारी तिची एक किल्ली प्रकाशनाच्या काही आठवडे आधीच फुटली आणि जगभर पसरली. त्यामुळे चोराला पहिल्या दिवसापासून एकही प्रश्न विचारला गेला नाही. दुकानातून डबा आणणाऱ्याला मात्र तीस दिवसांत फोन किंवा इंटरनेटवरून आपली ओळख पटवावी लागली. त्यानंतरच्या प्रत्येक आवृत्तीचं कुलूप फोडणारी साधनं निघाली आणि निघतच आहेत. चोराच्या प्रतीत ती तपासणी कायमची काढून टाकलेली असते. तिचा ताप प्रामाणिक प्रतीलाच आहे.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण मार्च २०२३ मध्ये बातम्यांत आलं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका स्वतंत्र व्यावसायिकाने मायक्रोसॉफ्टच्याच दुकानातून विंडोज १० प्रो विकत घेतली होती. ती काही केल्या ॲक्टिव्हेट होईना. त्याने अधिकृत मदत मागितली. मदतनीसाने दूरवरून त्याच्या संगणकाचा ताबा घेतला आणि कंपनीचं साधन चालत नाही असं पाहून, कुलूप फोडणारी एक अनधिकृत स्क्रिप्ट चालवून काम उरकलं. हे आपल्या धोरणात बसत नाही आणि आपण चौकशी करू, असं कंपनीने सांगितलं. मी त्या मदतनीसाला दोष देणार नाही. त्याच्यासमोर पैसे भरलेला, वैतागलेला माणूस होता आणि त्याच्या हातात त्याला न्याय देण्याचा दुसरा मार्ग नव्हता. दोष त्या रचनेचा आहे, जिच्यात प्रामाणिक ग्राहकाला त्याचं हक्काचं मिळवून देण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय चोराचा निघतो. आपला कॉपीराइट कायदा या बाबतीत यंत्रापेक्षा शहाणा आहे. संगणकावर चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम ६३ब मध्ये सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड आहे. २०१२ मध्ये आलेलं कलम ६५अ कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. कायदा जाणीव आणि हेतू पाहतो. सर्व्हर फक्त जुळणी पाहतो.

तिसरा आक्षेप असा, की अशा घटना हजारांत एखाद्या. एवढ्यासाठी आख्खी पद्धत का बदलावी? २४ ऑगस्ट २००७ ची गोष्ट इथे आठवते. मायक्रोसॉफ्टच्या अस्सलपणा तपासणाऱ्या सर्व्हरवर चाचणीसाठीचा कोड चुकून गेला, आणि सुमारे एकोणीस तास एक्सपी आणि व्हिस्टाच्या अस्सल प्रती नकली ठरत राहिल्या. कंपनीच्या मते बाधित यंत्रं १२,००० हून कमी होती. आकडा लहान आहे, हे मान्य. पण कंपनीने त्या वेळी दिलेला एक तपशील माझ्या म्हणण्याला बळ देतो: सर्व्हर बंदच पडला असता, तर यंत्रांना अस्सल मानायचं, अशीच त्या पद्धतीची रचना होती. घोटाळा झाला, कारण सर्व्हर बंद न पडता चुकीचं उत्तर देत राहिला. म्हणजे संशयाचा फायदा ग्राहकाला देणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, ते कंपनीलाही सुचलं होतं आणि काही अंशी तिने केलंही होतं. मी तेवढंच आणखी पुढे न्यायला सांगतो आहे. बँकेच्या एटीएममधून पैसे न निघता खात्यातून वजा झाले, तर हजारांत एखादा म्हणून आपण सोडून देत नाही. ते परत करण्याचे दिवस ठरवून दिलेले असतात आणि उशीर झाला तर भरपाई द्यावी लागते.

लहान आकड्यामागे माणूस काय सोसतो, हे एकदा जवळून पाहायला हवं. इंटरनेटवरून ॲक्टिव्हेशन झालं नाही, तर फोनचा मार्ग सांगितला जात असे. पडद्यावर अंकांची रांग येई. एक्सपीत ती पन्नास अंकांची होती, विंडोज ७ मध्ये चोपन्न, विंडोज १० मध्ये त्रेसष्ट: सात-सात अंकांचे नऊ गट. ते फोनवर एकेक करून सांगायचे किंवा दाबायचे. मग पलीकडून अठ्ठेचाळीस अंक ऐकू येत, सहा-सहाचे आठ गट, आणि ते पडद्यावरच्या आठ चौकोनांत भरायचे. एकशे अकरा अंक, कुठेही न चुकता. ब्राउझिंग सेंटरच्या गजबजाटात, बाहेर पट्टुकोट्टईच्या बसचा हॉर्न वाजत असताना, परक्या उच्चारातले इंग्रजी अंक कागदावर उतरवून घेणारी एखादी अठरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिच्या वडिलांनी अपग्रेडचे पैसे दिलेत ते नारळाच्या हिशेबातून काढून. चौथ्या गटात एक अंक निसटला की पुन्हा पहिल्यापासून. ही छळणूक मुद्दाम केलेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती कुणाच्या वाट्याला येते, हेही मला ठाऊक आहे. महानगरातल्या कंपनीत हे काम आयटी विभाग करतो, तिथल्या कर्मचाऱ्याला त्याची वार्ताही नसते.

काही जण म्हणतील, मग त्या मुलीने बॉस लिनक्स वापरावं. सरकारने ते यंत्रातच दिलं होतं. त्याला किल्ली नाही, सर्व्हर नाही, परवानगी नाही. या सूचनेबद्दल मला मनापासून आदर आहे. मोकळ्या सॉफ्टवेअरने हा प्रश्न मुळातच उद्भवू दिला नाही, आणि २०११ च्या यंत्रांत ते दिलं गेलं, ही तमिळनाडूच्या योजनेची मोठी गोष्ट होती. पण कॉलेजने नेमलेला हिशेबाचा प्रोग्राम, दुकानातल्या प्रिंटरचा ड्रायव्हर, नोकरीच्या परीक्षेची तयारी, या गोष्टी माणसाला विंडोजकडे ओढतात. पर्याय आहे म्हणून फसवणूक माफ होत नाही. आणि बाजारात पाच-सातशे रुपयांत मिळणाऱ्या संशयास्पद किल्ल्यांचं काय, असं कुणी विचारेल. त्या घेणाऱ्याने सावध राहायला हवं, हे खरं आहे. पण ते ओळखण्याचं साधन ग्राहकाकडे नाही, विकणाऱ्याकडे आहे. एखादी किल्ली खऱ्या साखळीतून विकली गेली की नाही, हे दुकानाच्या बिलावरच्या एका क्रमांकावरून कंपनी क्षणात सांगू शकते. ती सोय विकत घेण्याआधी दिली, तर ग्राहक वाचेल. विकत घेतल्यावर दिली, तर फक्त नकार मिळेल.

आता छत्राकडे. १७९९ च्या ऑक्टोबरात झालेल्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजींकडे नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. राज्य गेल्यावर या माणसाने कशासाठी शब्द खर्च केले, हे पाहण्यासारखं आहे. १८०१ मध्ये त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात तंजावरच्या छत्रांचं वर्णन आहे. येणाऱ्या वाटसरूला, तो कुठल्याही जातीचा असो, जेवण मिळतं. आजारी पडला तर वैद्य मिळतो. गरोदर बाईची काळजी घेतली जाते. मुलांना शिकवलं जातं. या छत्रांना लावून दिलेली उत्पन्नं तशीच चालू राहावीत, अशी त्यांची मागणी होती. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, दारावर पात्रतेचा पुरावा मागितला जात नव्हता. दमलेला माणूस आला आहे, एवढं पुरे होतं. काही लबाड फुकटचं जेवून जात असतील, पण त्यांना वगळण्यासाठी भुकेल्याला उपाशी ठेवायचं नाही, हा हिशेब त्या व्यवस्थेने मनाशी केलेला होता. आणि दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सरफोजींना ठाऊक होतं, की दिलेला शब्द देणाऱ्याच्या हयातीवर किंवा सत्तेवर अवलंबून ठेवला, तर तो टिकत नाही. म्हणून धनी बदलताना त्यांनी तो शब्द नव्या धन्याच्या गळी उतरवायचा प्रयत्न केला.

सॉफ्टवेअरच्या जगात हा दुसरा मुद्दा रोजचा आहे. कंपनी एखाद्या आवृत्तीचा आधार काढून घेते, सर्व्हर बंद करते, नियम बदलते. मग आधी विकलेल्या वस्तूंचं काय? एक्सपीच्या वेळी मायक्रोसॉफ्टने म्हटलं होतं, की त्या आवृत्तीचं आयुष्य संपताना बहुधा ॲक्टिव्हेशन काढून टाकणारी सुधारणा दिली जाईल. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपला आणि तशी सुधारणा काही आली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये विंडोज ७ आणि ८ च्या किल्ल्यांवर नवी विंडोज ॲक्टिव्हेट करण्याची वाट अधिकृतपणे बंद झाली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही आधार संपला. पुढच्या आवृत्तीला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नवे प्रोसेसर लागतात. ते नसलेली यंत्रं चालू आहेत, पण त्यांच्यावरचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवायची वेळ आली, तर ते किती वर्षं ओळखलं जाईल, हे ग्राहकाच्या हातात नाही. हे असंच असावं लागतं, असंही नाही. ॲडोबीने आपल्या सीएस२ या जुन्या संचाचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा तो आधी विकत घेतलेल्यांना ॲक्टिव्हेशन न लागणाऱ्या प्रती आणि क्रमांक दिले. म्हणजे मनात असेल, तर कुलूप काढून किल्ली मालकाच्या हाती देता येते. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून एवढं तरी केलं आहे, की डिजिटल वस्तूवर फक्त परवाना मिळणार असेल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हा शब्द वापरता येत नाही. मला शब्द बदलण्यात समाधान नाही. शब्द तसाच राहावा आणि व्यवहार त्या शब्दाला जागावा.

मागण्या म्हणून पाहिलं, तर त्या फार नाहीत. बिल हाच पुरेसा पुरावा धरावा, पट्टी पुसली तरी. दुरुस्तीने हक्क संपू नये, आणि दुरुस्ती झाल्याचं दुकानदाराने लिहून दिलं की ते मानावं. तपासणी अडकली, तर वापर न थांबवता ठरावीक दिवसांत माणसाने, ग्राहकाच्या भाषेत, निर्णय द्यावा. सर्व्हर निवृत्त होण्याआधी कुलूप काढलेली प्रत मालकाला मिळावी. हे सगळं कायद्यात यायला वेळ लागेल, पण एक जागा अशी आहे, जिथे ते लगेच लिहिता येतं. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडूच्या अर्थसंकल्पात पुढच्या दोन वर्षांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना २० लाख लॅपटॉप किंवा टॅब देण्याची घोषणा झाली. २० लाख यंत्रांचा खरेदीदार हा कुठल्याही कंपनीसमोर लहान ग्राहक नसतो. त्याच्या निविदेतली एक अट हजारो वैयक्तिक तक्रारींपेक्षा अधिक काम करते. महाराष्ट्राच्या आणि इतर राज्यांच्या शाळा-खरेदीतही ती अट लिहिता येईल. वॉरंटी संपल्यावर मुलं ही यंत्रं तंजावरच्या, पट्टुकोट्टईच्या, ओरत्तनाडुच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेतील. तो मदरबोर्ड बदलेल, मुलीच्या हातात यंत्र देईल आणि म्हणेल, चालू करून बघ. त्या वेळी पडद्यावर काय दिसेल, हे निविदा लिहिणारा माणूस ठरवत असतो.